बंद न केलेला रेकॉर्डर

मी एक जुना, मुठीत मावणारा रेकॉर्डर आहे, मित्रांनो. अकरा वर्षे मी कोलकात्यातल्या एका परदेशी वकिलातीत काम केले. उन्मेष तिथे राजकीय घडामोडींचे अहवाल लिहीत असे. तो जन्मापासून इथलाच. घरात मराठी, बाहेर अस्खलित बंगाली. लोक त्याच्याशी मोकळेपणाने बोलत आणि मी ते टिपून ठेवी. "याच्यामुळे माझा एक शब्द चुकत नाही," असे तो म्हणे, तेव्हा मला फार बरे वाटायचे.

गेल्या हिवाळ्यात शहरातल्या खिदिरपूर भागातून एक संचलन जायचे होते. त्याच्या मार्गावरून वाद पेटला. कोणता पक्ष काय म्हणतो, हे वकिलातीला हवे होते. म्हणून उन्मेष तपनबाबूंकडे गेला. ते एका पक्षाचे तिथले सचिव. 'संचलन अडवू' हे पत्रक त्यांच्याच सहीने निघाले होते.

पत्रकातले सगळे पुन्हा सांगून झाल्यावर ते थांबले. "उन्मेषबाबू, ते बंद करा. आता मनातलं सांगतो."

उन्मेषने मला उचलून खिशात टाकले. बटण मात्र दाबले नाही.

"आमच्या वरच्यांना मारामारी हवी आहे," तपनबाबू म्हणाले. "मी गल्लोगल्ली सांगत फिरतोय, त्या दिवशी दारं लावून घरात बसा. हे कुठे बोलू नका."

मी सगळे टिपले.

लोक घरात बसले. संचलन शांततेत पार पडले.

उन्मेषने ते बोलणे अहवालात जसेच्या तसे लिहिले. नाव नव्हते, 'खिदिरपूरचे सचिव' एवढेच होते. पण तिथे सचिव एकच. वरिष्ठांनी उन्मेषची पाठ थोपटली. महिन्याभराने अहवाल फुटला आणि वर्तमानपत्रात आला. पक्षाने तपनबाबूंना काढून टाकले. तीस वर्षांचे सोबती त्यांना रस्त्यात पाहून तोंड फिरवू लागले.

उन्मेष माफी मागायला गेला. तपनबाबूंनी चहा दिला.

"मी ते बंद केलं नव्हतं," उन्मेष खाली मान घालून म्हणाला.

"वाचताना कळलं. माझीच वाक्यं होती."

मग ते उकाड्याबद्दल बोलत राहिले, अनोळखी माणसाशी बोलावे तसे.

आता मी उन्मेषच्या डमडमच्या घरी, कपाटात पडून असतो. मित्रांनो, कुणी विश्वासाने सांगितलेले जिवापाड जपा. मला थांबायचे कळत नव्हते. उन्मेषला कळत होते. तरी लाज मलाही वाटते. तपनबाबूंचा आवाज अजून माझ्यात आहे. तो ऐकायचा धीर उन्मेषला होत नाही, आणि पुसायचाही.