पृथ्वीचा ताप आणि तांब्याभर तीर्थ

"पृथ्वीचा ताप उतरला आहे. आजपासून जगात कुठंही उष्णता वाढणार नाही," असं हिमानंद महाराजांनी बोरखंडीच्या शाळेमागच्या मंडपातून अखिल ब्रह्मांडाला जाहीर केलं. पाठोपाठ त्यांना अशी शिंक आली की माईक बंद पडला आणि ब्रह्मांडाला पुढचं काही ऐकू गेलं नाही.

त्या हिवाळ्यात थंडीनं ताळ सोडला होता. येडशी स्टेशनात उतरलेला माणूस आधी शेकोटी शोधायचा, मग आपलं गाव. ज्ञानोबाच्या म्हशीनं तर सकाळी दूध द्यायचं साफ नाकारलं. ज्ञानोबानं म्हशीचा राग जगावर काढला.

"टीव्हीवाले सांगत्यात, ग्लोबल वार्निंग. अरं, वार्निंग दिली ती दिली, पण आली कुठं? माझे कान गळायला आलेत."

"वार्निंग नव्हं, वॉर्मिंग," कुणीतरी म्हणालं.

"तेच ते. एक बी खरं न्हाय."

हा वाद महांतप्पांच्या खताच्या दुकानापुढं रोज रंगायचा. महांतप्पा गावचे सरपंच, देहानं भरदार आणि सोमवारच्या उपासाचे निष्ठावंत. उपासाला भगर, साबुदाणा, रताळी आणि मधल्या वेळेला दाण्याचे लाडू. मंगळवारी सकाळी ते पोती तोलायच्या काट्यावर उभे राहत आणि घरात वर्दी देत, "आज पावशेर उतरलो." वर्षाकाठी सदरे मात्र अंगावर उसवत आणि नवे शिवावे लागत. वादात ते कुणाचीच बाजू घेत नसत. खत दोन्ही बाजूंना विकायचं होतं.

अशा वेळी महाराज आले. म्हणे कैलासावरून. ही थंडी आपणच आणली, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि पुरावा म्हणून ते रोज चमत्कार करत. बोअरचं कोमट पाणी सगळ्यांसमोर तांब्याच्या कलशात ओतायचे, बेलाच्या काडीनं ढवळायचे आणि मंत्र म्हणायचे, "शीतं शीतं महाशीतं, फ्रीज-कूलर-विनाशितम्." मंत्र संपेस्तोवर पाणी असं गार पडायचं की बोट घातलेला माणूस हात काखेत दाबूनच परत जायचा.

"छूना, पीना नहीं बच्चा," महाराज बजावत. "पोटात कैलास गोठेल."

तीर्थाला जरा कडवट वास यायचा. तो हिमालयातल्या जडीबुटीचा, असं शिष्य सांगे. दर्शन आटोपलं की तीर्थ शेजारच्या ज्ञानोबाच्या शेताच्या पाटात ओतलं जाई.

इथवर सगळं निभलं असतं. पण ज्ञानोबाच्या डोक्यात एक कल्पना आली आणि ती एकटीच असल्यामुळं तिथं तिला जागाही भरपूर मिळाली.

"महाराजांनी उष्णता बांधून टाकली," तो म्हणाला. "मग शाळेपुढच्या लिंबांच्या सावलीचं काय लोणचं घालायचं? तोडू, शेकू, आन् उरल्या लाकडात महाराजांचा मठ बांधू."

गावाला हे पटलं. दुसऱ्या दिवशी ग्रामसभा ठरली.

ते कडुलिंब महांतप्पांच्या बायकोनं, शाळेत शिकवणाऱ्या नीलम्मा बाईंनी, शाळेच्या पोरांकडून वाढवून घेतले होते. डबे धुतलेलं पाणी, हात धुतलेलं पाणी, सगळं झाडांना. एप्रिलात पत्र्याच्या खोलीत पोरं भोवळ येऊन पडायची, म्हणून चौथीचा वर्ग त्या झाडांखालीच भरायचा. झाडं गेली की वर्ग गेला.

संध्याकाळी जेवताना त्यांनी विचारलं, "उद्या तुम्ही हात वर करणार?"

"सरपंचाला गावाबरोबर चालावं लागतं."

"बरं," नीलम्मा म्हणाल्या. ह्या 'बरं'ला महांतप्पा अविश्वास ठरावापेक्षा जास्त भीत. विषय पालटावा म्हणून ते म्हणाले, "पण अगं, महाराजांचं तेज खरंच हाय. तीर्थ जिथं जिथं गेलं, तिथला ज्ञानोबाचा गहू बघ. काळाभोर हिरवा झालाय."

नीलम्मांचा घास हातातच राहिला. "महाराजांचा शिष्य तुमच्या दुकानातून काय नेतो हो?"

"युरिया. वर टॉनिकच्या दोन बाटल्या बी लावून दिल्या म्या. लिंकिंग असतंय, युरियासंगं दुसरं काहीतरी घ्यावंच लागतंय."

"महाराजांना जमीन किती?"

"जमीन?" महांतप्पांनी विचार केला. "आसनापुरती."

बोलून गेल्यावर त्यांनी आपलाच हात हुंगला. सगळा जन्म ज्या कडवट वासात गेला, तो त्यांना मंडपात ओळखू आला नव्हता. दुकानात तो माल होता, तिथं तीर्थ.

दुसऱ्या दिवशी लिंबांखाली सभा भरली. महाराज उघड्या अंगानं बसले होते, कुऱ्हाडी बुंध्याला टेकून होत्या. हात वर करा म्हणायच्या आत नीलम्मा पितळी तांब्या घेऊन पुढं आल्या. ज्ञानोबाला बोट बुडवायला लावलं.

"कसं हाय पाणी?"

"कोमट, बाई."

त्यांनी पदराखालच्या डब्यातून पांढरे दाणे तांब्यात ओतले आणि ढवळत म्हणू लागल्या, "बे एके बे, बे दुणे चार." सवयीनं सगळ्या गावानं मागून धरलं. बे दाहे वीस झालं तसं ज्ञानोबानं पुन्हा बोट घातलं आणि काखेत दाबलं.

ज्ञानोबा वाकून बाईंच्या पायाला हात लावायला लागला. "तुमाला बी सिद्धी हाय व्हय?"

"सरळ उभा ऱ्हा," नीलम्मा म्हणाल्या. "युरिया हाय ह्यात. विरघळताना तो पाण्यातली ऊब ओढून घेतो. फवारणीला टाकीत कालवता तवा हात गार पडतोय का न्हाय?"

"पडतोय की," सगळे म्हणाले.

"मग?"

"पण ती टाकी असती बाई," ज्ञानोबा म्हणाला. "ह्यो कलश हाय."

"बाई, ही सगळी माया आहे," महाराज म्हणाले.

"माया न्हाय महाराज, शेहेचाळीस टक्के नत्र हाय. आन् वास हिमालयाचा न्हाय, युरियावर चढवलेल्या लिंबोळीच्या तेलाचा हाय. तोडायला निघाला त्याच झाडाचा."

"पर थंडी तर खरी हाय ना?" मागून कुणीतरी विचारलं. "मग जग तापलं कसं?"

नीलम्मांनी नवऱ्याकडं बघितलं. महांतप्पांना पुढचं कळलं आणि त्यांनी सदरा खाली ओढला.

"ह्यांचा सोमवार सगळ्यांना ठाऊक हाय. मंगळवारी काटा पावशेर कमी दाखवतो. म्हणून माणूस बारीक झाला का? ही थंडी म्हणजे जगाचा सोमवार. वजन मंगळवारी न्हाय बघायचं, वर्षानुवर्षं बघायचं. सदरा उसवतोय का, ते बघायचं. आन् कुणी काही बी सांगितलं, अगदी म्या सांगितलं तरी, आधी बोट बुडवून बघा, मग हात जोडा."

गाव हसलं. महांतप्पाही हसले, दुसरा इलाजच नव्हता. मग त्यांनी खाकरून विचारलं, "झाडं ठेवायची, त्यांनी हात वर करा," आणि पहिला हात स्वतःचा केला. काखेतला हात काढायला ज्ञानोबाला जरा वेळ लागला, पण त्यानंही केला. कुऱ्हाडी घरोघर परत गेल्या.

महाराजांनी घाईघाईनं सामान आवरलं. कैलास सोडून ते एकदम मराठवाड्यात उतरले होते. "शिव्या, माझं स्वेटर कुठं ठिवलंस रं," असं शिष्याला विचारत ते कलश उचलून निघाले, तेवढ्यात ज्ञानोबा आडवा आला. आता हा मारतो, म्हणून महाराजांनी डोळे मिटले.

"महाराज, जायचं तर जावा," ज्ञानोबा अजिजीनं म्हणाला. "पर तेवढा कलश माझ्या पाटात रिकामा करा. गव्हाचा एक कोपरा ऱ्हायलाय."