मागून म्हणणारी

एकविसाव्या कार्डावरही मीटरने दोन पॉइंट दोनच दाखवलं, तेव्हा जिवलीने स्टिकरची गुंडाळी ड्रॉवरमध्ये ठेवून दिली आणि ड्रॉवर लावून घेतला. शेजारच्या भावनाने मान वळवून पाहिलं. एकाच टेबलाशी बसून दोघींना सहा वर्षं झाली होती, पण जिवलीचा हात असा मध्येच थांबलेला तिने कधी पाहिला नव्हता.

बोईसरच्या एमआयडीसीतल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये बारा बायका टाक्यांची पातळी दाखवणारी कार्डं जोडत. रसायनाच्या टाकीत एक सळई सोडलेली असते. तिच्याकडून येणारं व्होल्टेज आकडा बरोबर सांगतं, पण त्याच्या अंगात जोर नसतो. लांबच्या खोलीतला काटा आणि भोंगा त्याच्यावर टाकला की ते मटकन बसतं. म्हणून कार्डावर मध्ये एक ट्रान्झिस्टर असतो. तो आकडा वाढवत नाही. सळई जे सांगेल तेच, साधारण पॉइंट सहाने उतरून, पुढे सांगतो. मात्र सांगायला लागणारं बळ सप्लायमधून घेतो, सळईला त्याची तोशीस पडू देत नाही.

तपासायची रीत भिंतीवरच्या कागदावर होती. आत तीन व्होल्ट द्या, बाहेर दोन ते अडीच आले की पास. पास झालेल्या कार्डावर तपासणारीने आपल्या नंबरचं स्टिकर लावायचं. जिवलीचा नंबर सात. सहा वर्षांत साताचं एकही कार्ड गिऱ्हाइकाकडून परत आलं नव्हतं. हे ती कुणाला बोलून दाखवत नसे, पण रोज सकाळी उमरोळीहून येऊन खुर्चीवर बसली, की त्या गुंडाळीला आधी हात लावी, जसा घरून निघताना उंबऱ्याला लावी.

आज प्रत्येक कार्ड दोन पॉइंट दोनवर येत होतं. कागदाप्रमाणे पास. पण एरवी ही कार्डं दोन पॉइंट चारवर येत, हे तिच्या डोळ्यांना पाठ होतं. एखादं उतरलं असतं तर तिने सोडून दिलं असतं. सगळीच सारखी उतरली होती.

तिने डब्यातून एक रेझिस्टर काढला. त्याच्या दोन्ही टोकांना वायरचे चिमटे होते. जुने टेस्टर रामनाथ निवृत्त होताना तो तिच्या हातात देऊन गेले होते. रिकाम्या डोक्याने कुणीही ताठ चालतं, मोळी ठेवून बघायचं, असं ते म्हणत. काट्या-भोंग्याइतका भार पडावा म्हणून तिने ते चिमटे कार्डाला लावले. आकडा घसरत घसरत पॉइंट नऊवर येऊन थांबला. चिमटे काढले, परत दोन पॉइंट दोन. शिल्लक राहिलेलं मागच्या महिन्यातलं एक कार्ड घेतलं, त्याला तोच भार दिला. दोन पॉइंट तीन. हललं नाही.

दोनशे चाळीस कार्डं चारच्या टेम्पोने जायची होती आणि टेम्पो फाटकात उभा होता.

सुपरवायझर मेहुल आला तो घड्याळाकडे बघतच. वलसाडकडचा, डिप्लोमा झालेला, वयाने जिवलीपेक्षा दहा वर्षांनी लहान. माणूस वाईट नव्हता. मालकाचा फोन दर पाच मिनिटांनी येत होता, एवढंच. त्याने आधी समजावून पाहिलं, मग कागदावर बोट ठेवलं.

"जिवलीबेन, दोन ते अडीच लिहिलंय ना? दोन पॉइंट दोन म्हणजे पास. बाकी विचार करायला मी आहे."

"विचार तुमी करा, मेहुलभाई. सात नंबर मी लावत नाय."

शेडमधली सोल्डरिंगची चुरचुर एकेक करत थांबली. मेहुलने तिच्याकडे पाहिलं, मग भावनाकडे वळला. तिने आठ नंबर लावून पेट्या भरायला घ्याव्यात, असं त्याचं म्हणणं होतं. भावनाने आपला पंजा स्टिकरच्या गुंडाळीवर पालथा ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

ट्रान्झिस्टर उलटा बसलाय, असं जिवलीचं म्हणणं होतं. मेहुलला हसू आलं. बायकांनी छापलेल्या खुणेप्रमाणेच ट्रान्झिस्टर लावले होते, सपाट बाजू सपाट बाजूला, हे त्याने स्वतः पाहिलं होतं.

"आणि उलटा असता तर चाललाच नसता."

"चालतो हाय. वजन उचलत नाय."

वाद घालणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने एक कार्ड ओढलं, ट्रान्झिस्टरच्या तीन पायांचं सोल्डर वितळवून तो उपटला, तोच फिरवून, छापलेल्या खुणेच्या उलट, परत टाकला. खोटी ठरली असती तर नोकरी कदाचित राहिली असती. सात नंबर राहिला नसता. मनातल्या मनात तिने घरच्या देवाचं नाव घेतलं आणि मीटर लावला.

दोन पॉइंट चार.

चिमटे लावले. दोन पॉइंट तीन. आकडा खुंटीला बांधल्यासारखा.

मेहुलने ट्रान्झिस्टरची नवी पिशवी मागवली, चष्मा कपाळावर सारून पिशवीवरचं बारीक नाव वाचलं, मोबाइलवर शोधलं. कंपनी बदलली होती. रूप तेच, सपाट बाजू तीच, पायांचा क्रम मात्र नेमका उलटा. तो स्टुलावर बसला. फोन वाजला, तो त्याने उचलला नाही.

"पण मग चालतो कसा?" हे त्याने तिला नाही, स्वतःलाच विचारलं. तरी जिवलीने उत्तर दिलं.

"माझी आय धवलेरी हाय. गाणी म्हणून लग्नं लावते. तिचा आवाज आता मांडवाच्या मेढीपर्यंतबी जात नाय. ती म्हणते, मग मी मागून म्हणते. शब्द तिचे, चाल तिची. मी वरचढ म्हणत नाय, जरा खालीच. पण लोकांना ऐकू जाते ती माझी छाती. आयला काय जोर लागत नाय." ती थांबली, कारण इतकं ती या शेडमध्ये कधी बोलली नव्हती. "आन मला भिंतीकडं तोंड करून बसवली तर? म्हणीन तेच. शेजारचीला ऐकू येईल, मांडवाला नाय."

मेहुल उठला, फाटकाशी गेला आणि टेम्पो रिकामा परत पाठवला. मालकाला त्याने फोनवर काय सांगितलं ते कुणाला कळलं नाही. फक्त "आमच्या टेस्टरने पकडलं" एवढं भावनाने ऐकलं आणि जिवलीच्या कानावर आणून घातलं.

दोनशे चाळीस ट्रान्झिस्टर फिरवायला बारा बायकांना दोन दिवस लागले. भिंतीवरच्या कागदाखाली मेहुलने पेनाने एक ओळ वाढवली, 'भार लावून पाहणे', आणि रामनाथांचा रेझिस्टर चिमट्यांसकट टेबलावरच्या खिळ्याला अडकवला. प्रत्येक कार्डावर सात नंबर लागला. स्टिकर चिकटवताना जिवलीने एकदाही घाई केली नाही.

त्या रविवारी उमरोळीच्या पुढच्या पाड्यावर लग्न होतं. भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला होता, त्यापुढे जिवलीची आई बायडी बसली होती, सुरकुतलेली, हलकी, आणि तिच्या खांद्याशी जिवली. नवरीच्या मामाने डीजेचा माइक आणून बायडीसमोर धरला. तिने तो हाताने बाजूला केला आणि मागे, लेकीकडे पाहिलं.

बायडी ओठांतल्या ओठांत म्हणे. जिवली ती ओळ उचले, आईपेक्षा किंचित खालून, आणि ती मांडवाच्या चारही कोपऱ्यांना जाई.

देवांना बोलवायच्या गाण्यात, मधेच, बायडीचा श्वास संपला.

ओळ अर्धी राहिली. बायकांनी जिवलीकडे पाहिलं. पुढची ओळ तिला येत होती, त्या पुढचीही, सगळं गाणंच येत होतं. एकीने तिला कोपराने ढोसलं. "म्हण ना गो."

जिवलीने मान हलवली. आईच्या पाठीवर पंजा टेकवून ती गप्प बसून राहिली. मांडव थांबला. पिठाने लिहिलेल्या चौकावर उन्हाचा कवडसा सरकत होता. पंजाखालची पाठ एकदा, दोनदा वरखाली झाली.

मग बायडी म्हणाली. कुणाला ऐकू गेलं नाही, जिवलीला गेलं. तिने ती ओळ पुरी होऊ दिली, आणि जरा खालून, छातीभर, उचलली.

रस्त्यावर टेम्पोतून खुर्च्या उतरवणारी माणसं हातातल्या खुर्च्या तशाच धरून उभी राहिली.