पद्माताईंचा सैल हात

माझं डावं चाक कुरकुरायचं, म्हणून मी लांबूनच ओळखू यायचे. बडोद्यातल्या एका दवाखान्यात तातडीच्या विभागाच्या दाराशी उभी असते ना, ती जुनी चाकांची खुर्ची मीच. नवी होते तेव्हा सगळे मला पुसून ठेवायचे. आता सीटला चिकटपट्टी आहे. असो! मित्रांनो, मला बोलता येत नाही, पण माणसाचा हात बरोबर कळतो.

इथल्याच अकोटा भागातल्या पद्माताई माझ्या नेहमीच्या. शाळेत गणित शिकवायच्या. मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू होत्या. घाबरायला होऊन छाती धडधडली की त्यांचे यजमान दिनकरराव त्यांना रिक्षाने आणायचे. माझा हात त्या असा आवळायच्या, बापरे! कार्डिओग्राम निघायचा, चांगला यायचा. घरी जाताना मला थोपटून म्हणायच्या, "चल गं, सुटलीस!"

असं चारदा झालं. पाचव्यांदा आल्या तेव्हा त्यांचा हात माझ्यावर नुसता पडून होता. सैल, गार.

"अहो, आज ते नाहीये. आज वेगळं दुखतंय," त्या दिनकररावांना म्हणाल्या.

डॉक्टर नवे होते. "काय होतंय, बेन?" त्यांनी विचारलं. ताईंनी तोंड उघडायच्या आत दिनकररावांनी फाईल पुढे केली. वरच मनाच्या डॉक्टरांचा कागद.

"काही नाही साहेब, हिचं नेहमीचंच. चार कार्डिओग्राम चांगले आलेत. गोळी द्या, पडेल शांत."

मनानं वाईट नव्हते हो ते, थकले होते बिचारे. डॉक्टरांनी नाडी पाहिली, फाईल चाळली. "बेन, चिंता ना करो, आराम करो," म्हणून कार्डिओग्राम न काढताच गोळी देऊन घरी पाठवलं.

दारापर्यंत मी जीव तोडून कुरकुरले. ढकलणाऱ्या मावशी वैतागल्या, "या खुर्चीला तेल घाला रे कुणीतरी!"

त्याच दुपारी ताईंना परत आणलं, तेव्हा स्ट्रेचर लागलं. हृदयाचा झटका होता. ताई गेल्या.

संध्याकाळी दिनकरराव माझ्यावर येऊन बसले. माझा हात त्यांनी अगदी ताईंसारखा आवळला. "आज वेगळं आहे, म्हणत होती गं ती," ते मलाच सांगत होते, "मीच तिला बोलू दिलं नाही."

दुसऱ्या दिवशी माझ्या चाकाला तेल घातलं. आता मी कुरकुरत नाही. मित्रांनो, मनाचा आजार असलेल्या माणसालाही छाती असते, पोट असतं. तो दुखतंय म्हणाला तर फाईल जरा मिटून ठेवा आणि आधी त्याला बोलू द्या. पद्माताईंना तर एवढंच सांगायचं होतं, आज वेगळं दुखतंय.