दीड इंच कापलेली टाच

मी एक जुनी सँडल आहे, उजव्या पायाची. माझी टाच एक इंच उंच आहे आणि माझ्या डाव्या बहिणीची अडीच इंच. आम्हाला पायरीवर शेजारी शेजारी काढून ठेवलेलं पाहून गल्लीतली पोरं खिदळतात. मित्रांनो, मी मूळचीच तापट आहे आणि माझं निम्मं आयुष्य मारामारीत गेलं आहे. तेव्हा आधी माझी हकीकत ऐका, मग हसायचं तर हसा.

माझा जन्मच मारातून झाला. कारखान्यात चामड्यावर धारदार साचा आदळला आणि माझे तुकडे पडले. ते पायाच्या आकाराच्या लाकडी फर्म्यावर ताणून चहूबाजूंनी खिळे ठोकले. तळव्यात पोलादाची वाकवलेली पट्टी बसवली. तोच आमचा कणा. शेवटी टाच ठोकली. एवढा मार खाल्ल्यावर कोण गोड वागेल? पण अंगावर पॉलिश चढलं, तपकिरी रंग चमकला आणि मला भलताच माज आला. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका दुकानात आम्ही दोघी काचेत बसलो. मुली विचारायच्या, "रोज घालायला बरी आहे का?" दुकानदार बेधडक सांगायचा, "लोण्यासारखी मऊ आहे." मी मनात म्हणायची, घालून तर बघ, कशी चावते!

एका संध्याकाळी श्रीदेवी आली. तिच्या डाव्या पायात जाड तळाचा, काळा, दवाखान्यातून करून घेतलेला बूट होता. तीन वर्षांपूर्वी अक्कलकोट रस्त्यावर तिच्या धाकट्या भावाची, मल्लेशची मोटारसायकल ट्रकला घासली. मागे बसलेली श्रीदेवी खाली पडली आणि ट्रकचं चाक तिच्या डाव्या पायावरून गेलं. हाडाचा चुरा झाला. पाय वाचला, पण दीड इंच आखूड झाला. "ट्रकवाल्यानं ठोकलं," असं मल्लेश सगळ्यांना सांगत आला होता.

आता तिला एका साडीच्या दुकानात काम मिळालं होतं. शेठ म्हणाले होते, "आठ दिवस बघू. दिवसभर उभं राहायला जमलं तर ठेवतो." पाच दिवस सरले होते. त्या जड बुटानं तिची कंबर मोडून यायची. त्यात गिऱ्हाईक बायका साडीचा पदर हातात धरून तिच्या पायाकडे बघायच्या आणि हळहळत निघून जायच्या. शेठ नाराज दिसू लागले होते. काम सुटलं तर पुन्हा घरात बसून राहायचं, या विचारानं तिला धडकी भरायची.

तिनं आम्हाला पायात घालून दुकानात दहा फेऱ्या मारल्या, पैसे मोजले आणि तडक समोरच्या फुटपाथवर गेली. तिथं बिभीषणमामा बसायचे. वहाणा शिवण्यात त्यांचे केस पांढरे झाले होते. दिवसभर उभं राहून पाय सुजले की मगच माप बघ, हे त्यांनीच तिला सांगितलं होतं.

"उजवी कापा मामा," श्रीदेवी म्हणाली. "डावी ऱ्हाऊ द्या तशीच."

"नवी कोरी जोडी? डोकं ठिकाणावर हाय का पोरी?"

"त्या काळ्या बुटात लोकाला माझा पायच दिसतो की. ह्याच्यात न्हाय दिसणार."

मामांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. त्यांनी तिला अनवाणी उभं केलं आणि डाव्या टाचेखाली चामड्याचे तुकडे एकावर एक सारत गेले. कंबर दोन्हीकडून सारखी झाली तेव्हा थांबले, तुकड्यांची थप्पी मोजली आणि माझ्या टाचेवर रेघ ओढली. मग त्यांनी करवत घेतली.

मित्रांनो, ती करवत मी अजून विसरलेले नाही. दीड इंच टाच मातीत पडली. तेवढ्यानं भागलं नाही. टाच कापली की पुढचा भाग वर उचलला जातो, म्हणून मामांनी माझा तळवा उसवला, पोलादी पट्टी ओढून काढली आणि ऐरणीवर ठेवून हातोड्यानं सपाट केली. माझा कणा माझ्यासमोर ठेचला जात होता आणि बहीण शेजारी तोऱ्यात उभी होती. मी शपथ घेतली की या पोरीला सोडायची नाही.

दुसऱ्या दिवशी साडीचं दुकान उघडल्यापासून मी सूड घेतला. मागच्या कडेनं तिची टाच सोलली. दुपारपर्यंत कातडी गेली, चार वाजता रक्त आलं. पण ती पोरगी बसली नाही. सरळ उभी राहून साड्या उलगडत होती. लंगडणं जवळजवळ दिसेनासं झालं होतं. बायका काठ बघत होत्या, पदर बघत होत्या, भाव करत होत्या. त्या दिवशी तिच्या हातून अकरा साड्या गेल्या. मला मात्र फक्त रक्ताची चव कळत होती. आज मला त्याची लाज वाटते.

संध्याकाळी ती घरी आली, पायरीवर बसली आणि मला काढलं. मल्लेश दारातच होता. त्यानं तिची रक्तानं भरलेली टाच पाहिली आणि त्याचं डोकं फिरलं.

"बेड, अक्का, बेड! नको ती नोकरी!" तो घरातल्या कानडीत आणि मराठीत एकदमच ओरडला. "लोक माझ्या तोंडात शेण घालत्यात. लंगड्या भणीला कामाला धाडतो म्हनत्यात!"

त्यानं मला उचललं आणि पायरीच्या दगडावर आपटलं. एकदा, दोनदा, तीनदा. माझा पट्टा तुटला, खिळा बाहेर आला. चौथ्यांदा हात उचलला तेव्हा श्रीदेवीनं मला हिसकावून घेतलं आणि त्याच्या तोंडावर हाणलं.

सँडलनं मारणं म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक आहे. तेही भर गल्लीत, तेही भावाला. पहिल्या फटक्यात त्याचा ओठ फुटला. दुसऱ्यात माझ्या खिळ्यानं कपाळ फाडलं. शेजारच्या शरणम्मा धावत आल्या आणि जागीच थिजल्या. श्रीदेवी थांबेना. पाठीवर, दंडावर, मिळेल तिथं मारत सुटली.

"त्या दिवशी थांब म्हनले हुते की रे मी!" ती किंचाळली. "हळू म्हनले हुते! कोण चालवत हुतं गाडी?"

मल्लेशनं हात वर केला नाही. रक्त डोळ्यात उतरलं तरी पुसलं नाही.

"मी," तो म्हणाला. "ट्रकला कट मारायला गेलो. ट्रकवाल्याचा काय बी दोष नव्हता. मार अक्का, आनखी मार."

तिचा हात खाली आला. मी तिच्या मुठीत होते आणि माझ्यावर दोघा भावंडांचं रक्त होतं. मला सूड हवा होता ना? तो असा दिसतो. मला त्या रक्ताची भीती वाटली.

सकाळी तिला सातवा दिवस भरायचा होता आणि माझा पट्टा लोंबत होता. तो काळा बूट घालायला ती वाकली, तेवढ्यात मल्लेशनं मला उचललं. पिशवी घेतली नाही, कागद घेतला नाही. ज्या सँडलनं मार खाल्ला तीच उघड्या हातात धरून तो सात रस्त्यापर्यंत चालत गेला.

मामांनी पट्टा शिवला, खिळा आत ठोकला. मग माझी मागची ताठ कड ऐरणीवर घेऊन हातोडीनं ठोकत राहिले, मऊ पडेपर्यंत. तिथं चहा पीत चारपाच ओळखीची माणसं उभी होती.

"कपाळाला काय झालं रं?" मामांनी विचारलं.

"अक्कानं मारलं. ह्याच सँडलनं," मल्लेश सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तिचा पाय मी मोडला मामा. तीन वर्सं मी खोटं बोललो."

मामांनी माझ्यात एक मऊ गादी चिकटवली आणि मला त्याच्या हातात दिलं.

श्रीदेवी त्या दिवशी वेळेवर दुकानात पोचली. आठ दिवस संपले, शेठनं तिला ठेवलं. आता दोन वर्षं झाली. मी पुन्हा चावले नाही. तिच्या टाचेवर माझा वण मात्र आहे आणि मल्लेशच्या कपाळावरही आहे. भावंडं अजून भांडतात. ती त्याला सगळं माफ करून बसलेली नाही, आणि तो तशी मागणीही करत नाही.

मित्रांनो, मार खाऊन चामडं मऊ होतं, माणूस होत नाही. हे मी स्वतःच्या अंगावर शिकले आहे. म्हणून माझं एवढंच मागणं आहे. वस्तू आपटू नका, माणसांवर हात उचलू नका. आणि तुमच्या हातून कुणाचं काही मोडलं असेल, तर त्याच्या हातात सँडल येण्याची वाट बघू नका. आपण होऊन, चार लोकांत, आजच सांगून टाका.