हात लागल्यापासून तीन दिवस

कोंबडीच्या पंखातून रक्ताचा एक थेंब काढायला कितीशी अक्कल लागते, असं विचारणारे मला आयुष्यभर भेटले. त्यांना मी एवढंच म्हणतो, या, तीनशे पक्षी समोर ठेवतो, जेवायच्या सुट्टीपर्यंत उरकून दाखवा. पक्षी काखेत धरायचा, पंख उलटा करायचा, आतली निळसर शीर अंगठ्याने दाबायची, सुई टोचायची. थेंब काचेवर घ्यायचा, त्यात जांभळ्या औषधाचा थेंब मिसळायचा आणि काच हलक्या हाताने झुलवत दोन मिनिटं बघत राहायचं. थेंब एकसारखा राहिला तर पक्षी निरोगी. त्यात दूध नासल्यासारखे कण धरले तर पक्षी बाजूला. आईच्या अंगात मुरलेला रोग अंड्यातून थेट पिल्लात उतरतो, आणि आमच्या उबवणी केंद्रातली पिल्लं कुठल्या कुठे जातात. म्हणून पैदाशीच्या कळपाची दर वर्षी तपासणी होते आणि रोगमुक्तीचा दाखला नवा करून मिळतो. दाखला नसेल तर आमच्या फाटकातून एक पिल्लूसुद्धा बाहेर पडत नाही.

काच वाचायचं काम माझं. सहा वर्षांपूर्वी ते माझ्याकडे आलं आणि तेव्हापासून मी नाकावर माशी बसू दिली नाही. आत येताना अंघोळ, बाहेर जाताना अंघोळ, बाहेरचे कपडे बाहेर, आतले आत. आणि सगळ्यांत मोठा नियम असा, की बाहेरच्या पक्ष्याला हात लागला किंवा पक्षी पाळलेल्या घरात पाऊल टाकलं, की तेव्हापासून पुरते तीन दिवस फाटकाच्या आत यायचं नाही. मधे पुन्हा हात लागला तर पुन्हा पहिल्यापासून तीन दिवस. सासुरवाडीची बदकं बघून आलेल्या वायरमनला मी फाटकातून परत पाठवलं होतं. तो बिचारा म्हणत होता, 'नुसती बघितली हो, बोललोसुद्धा नाही त्यांच्याशी.' सगळे हसले. मी हसलो नाही.

आणि माझ्या ताईच्या घरी नऊ कोंबड्या होत्या.

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आईवडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. ताईचं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं, तरी ती मला हाताला धरून आपल्या घरी घेऊन गेली आणि भाऊजींनी दाराआड माझ्या दप्तरासाठी एक खुंटी ठोकली. त्या घरात मी मोठा झालो. छप्पन्न वर्षांच्या माणसाला ती अजून छोट्या म्हणते. भाऊजी गेल्यावर घर खायला उठतं म्हणून तिने कोंबड्या आणल्या. नेमकं त्याच वर्षी मला काचेचं काम मिळालं, आणि माझं त्या घरी जाणं बंद झालं.

महिन्यातून एकदा आम्ही बसथांब्यावर भेटायचो. बाकावर दोघांच्या मधे एक माणूस बसेल एवढी जागा मी सोडायचो, कारण तिच्या कपड्यांचा काय भरवसा. ती डबा आणायची. मी घ्यायचो नाही. ती तो मांडीवर ठेवून बोलत राहायची आणि बस आली की तसाच परत न्यायची.

रजा टाकून जाता आलं नसतं का? आलं असतं. तीन दिवसांची तर गोष्ट. पण एका वर्षी नवा कळप आला, एकदा उबवणीची यंत्रं बदलली, एकदा माझ्या बदलीवरचा माणूस मला पसंत पडला नाही. ही सगळी कारणं खरी होती. त्याहून खरं हे, की माझ्यावाचून तिथलं पान हलत नाही असा मला तोरा होता. फार्मच्या खोलीत पडल्यापडल्या मला ताईचं स्वयंपाकघर दिसायचं, ओट्याखालचा टवका उडालेला माठ दिसायचा, आणि जीव नुसता तुटायचा. सकाळी उठून मी पुन्हा अंघोळीच्या रांगेत पहिला उभा असायचो.

या महिन्याच्या सुरुवातीला तिचा फोन आला. भाची तिला कायमची आपल्याकडे घेऊन जाणार होती. समुद्रापलीकडे. घर विकलं होतं. वीस तारखेला, गुरुवारी, निघायचं होतं.

"चार दिवस ये रे छोट्या. मग काही मी यायची नाही इकडे."

"ताई, सतरापासून तपासणी आहे. दाखल्याची मुदत महिनाअखेर संपते."

"मेली ती तपासणी तुझी." मग म्हणाली, "कोंबड्या देऊन टाकल्या तर येशील?"

मी काय केलं असेल? फोनवर तिला नियम लिहून घ्यायला लावला. पक्षी गेले पाहिजेत, खुराडं धुऊन चुना मारला पाहिजे, मग दहा दिवस थांबलं की घर मोकळं. सत्तरीला टेकलेली बाई पलीकडून विचारत होती, "चुना आतून का बाहेरून?" आणि मी साहेबासारखा सांगत होतो, दोन्हीकडून. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

फार्मच्या डॉक्टरीणबाईंनी हिशेब बघून लेखी परवानगी दिली. रविवार, सोळा तारीख. दुपारचं जेवण आणि संध्याकाळच्या बसने परत.

अकराच्या सुमाराला मी त्या घराचा उंबरा ओलांडला. सहा वर्षांनी. खुंटी होती, माठ होता, भिंतींवरच्या तसबिरी उतरवल्यामुळे त्यांच्या जागी चौकोन तेवढे उरले होते. ताईने मला पाट दिला आणि स्वतः समोर बसली. भात, बटाट्याची भाजी, काकडी. मी जेवत होतो आणि ती नुसती माझ्या हाताकडे बघत होती.

"अजून भाजी आधी संपवतोस," ती म्हणाली.

एवढ्यात न्हाणीघरात काहीतरी खडबडलं. दार आधीच नीट लागत नव्हतं, ते किलकिलं झालं आणि एक तांबडी कोंबडी एका पायावर लंगडत सरळ पानापाशी आली. ताई "अगं बाई" म्हणाली तोवर मी कोंबडीला उचललंसुद्धा होतं. उचललं एवढंच नाही, काखेत धरून पंख उलटा केला होता आणि अंगठा शिरेवर ठेवला होता. तीस वर्षांची सवय. हाताने काय केलं ते डोक्याला मागाहून कळलं. घड्याळात साडेबारा वाजले होते.

"आठ दिल्या रे," ताई म्हणाली. "हिला कुणी घेईना. लंगडी आहे, अंडी देत नाही. मारून खातील म्हणून..."

"खोटं बोललीस तू माझ्याशी."

"बोलले. खरं बोलले असते तर आला असतास?"

मी फार बोललो तिला. दहा दिवस कशाला सांगितले होते, माझ्या नोकरीची किंमत कळते का, तिकडे हजारो पक्षी उद्या माझी वाट बघणार आहेत. ती मान खाली घालून ऐकत राहिली. मग मी अंगणात जाऊन डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि जसं झालं तसं सांगितलं. ते दडवणं माझ्या रक्तात नाही.

"म्हणजे बुधवारी साडेबारापर्यंत नाही," त्या म्हणाल्या. "ठीक आहे. कोंबडीला अंगणात कोंडून ठेवा, पुन्हा हात लागू देऊ नका. काच मी वाचते."

"तुम्हाला जमेल ना?"

"काका, मी डॉक्टर आहे," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

रविवारभर मी फुगून बसलो. सोमवारी नळाचं गळणं असह्य झालं म्हणून वायसर बदलला. मग न्हाणीघराचं दार बसवलं. मग तिची पेटी भरायला घेतली आणि तिथे माझा फुगा फुटला, कारण त्या पेटीत तिने माझी शाळेची प्रगतिपुस्तकं तळाशी घातली होती आणि लोकरीचे कपडे बाहेर ठेवले होते. थंड देशात चालली होती बाई.

"गणितात नापास झालेलं कशाला नेतेस?"

"ही आठवण तिकडे विकत मिळत नाही," ती म्हणाली, "आणि स्वेटर मिळतो."

त्या दोन दिवसांत मला कळलं की तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही. भिंतीला हात लावल्याशिवाय तिला दोन पायऱ्या उतरता येत नाहीत. जेवल्यावर ती बसल्याजागी झोपते आणि झोपेत तिचा हात काहीतरी निवडल्यासारखा हलत राहतो. तुऱ्याचा रंग बघून पक्ष्याचं दुखणं ओळखणारा मी, आणि माझ्या बहिणीचा एक कान गेला हे मला बसथांब्यावरच्या त्या बाकावरून सहा वर्षांत कळलं नव्हतं. मी तिच्या डाव्या बाजूलाच बसायचो. ती माझं निम्मं बोलणं ऐकल्यासारखं करत होती.

लंगडीला तिने टोपलीखाली कोंडलं होतं आणि माझ्यावर पहारा ठेवला होता. मी अंगणात गेलो की आतून आवाज यायचा, "लांबून जा रे, हात लागेल!" चुकीची भरपाई करायची म्हणून ती तास मोजत होती. बुधवारी सकाळी तिने माझा शर्ट इस्त्री करून खुंटीला लावला.

दहा वाजता डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "दोन शेड राहिल्यात. आज साडेबाराला तुमचे तीन दिवस भरतात. संध्याकाळी आलात तर उद्या सकाळी तुम्हीच घ्या."

उद्या सकाळी नऊ वाजता ताईची गाडी येणार होती.

मी म्हणालो, कळवतो. मग अंगणात गेलो, टोपली उचलली आणि लंगडीला मांडीवर घेऊन पायरीवर बसलो. या वेळी पंख उलटा केला नाही. नुसता पाठीवरून हात फिरवत राहिलो. ती आधी आक्रसली, मग हळूहळू सैल झाली आणि माझ्या मांडीवर अंग टाकून बसली. अशी कोंबडी मी तीस वर्षांत कधी धरली नव्हती.

ताई दारात आली. "अरे! अरे मेल्या, पुन्हा तीन दिवस!"

"हो."

"तुझी तपासणी?"

"मेली ती तपासणी."

ती हसायला गेली आणि तिला ते जमलं नाही. भिंतीला धरून ती पायरी उतरली आणि माझ्या शेजारी, अगदी खांद्याला खांदा लावून बसली. मी लंगडीसकट उठून तिच्या उजवीकडे जाऊन बसलो. तिचा धड कान तो होता.

डॉक्टरीणबाईंना सांगितलं, "मॅडम, पुन्हा हात लागला."

"आता कसा काय?"

"मीच उचलली."

मला वाटलं, आता चांगलीच खरडपट्टी निघणार. "बरं," त्या म्हणाल्या. "राहा मग."

गुरुवारी सकाळी नाश्त्याआधी मी लंगडीला शेजारच्या शिंप्याच्या हवाली केलं. खाणार नाही असं मशीनवर हात ठेवून तो बोलला. नऊला गाडी आली. ताईने सगळ्या खोल्यांत एकदा डोकावून पाहिलं, माझ्या शर्टाचं वरचं बटण लावलं, 'जेवत जा' म्हणाली आणि गाडीत बसली. मी वळणापर्यंत गाडीबरोबर चालत गेलो. धावलो नाही, कारण तिने काचेतून हाताने नको नको केलं.

शिंप्याकडे पक्षी दिला तेव्हापासून माझे तीन दिवस सुरू झाले होते. रविवार सकाळपर्यंत फाटक बंद. नव्या मालकाला किल्ली सोमवारी द्यायची होती. म्हणजे ज्या घरासाठी सहा वर्षं माझा जीव तुटत होता, ते आता मला पुरते तीन दिवस मिळालं होतं. सकाळी उठावं, चहा करावा आणि दोन कप काढून एक परत ठेवावा. कुठल्याही खोलीत बसलो तरी दुसऱ्या खोलीत ती असेल असं वाटायचं. मी दोनदा हाकसुद्धा मारली. मोठ्याने, तिला ऐकू जावी अशी.

शुक्रवारी दुपारी फोन आला. "काका, सगळ्या शेड झाल्या. एकही पक्षी बाजूला काढावा लागला नाही. दाखला वेळेत मिळेल. काही काळजी करू नका."

"वा," मी म्हणालो. "छान झालं."

छानच झालं होतं. ज्या कामापायी मी तिचा डबा सहा वर्षं परत पाठवला, ते माझ्यावाचून पाच दिवसांत, एक चूक न होता उरकलं होतं. मी पाटावर बसून राहिलो. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही, कारण घरात कोणी नव्हतं.

शनिवारी तिचा फोन आला. पोचली होती. तिथे फार थंडी होती आणि भाचीने तिला खिडकीची खोली दिली होती.

"तू कुठेयस?"

"घरी."

"फार्मवर गेलास?"

"नाही. घरी."

मी तिच्याच घरात होतो हे तेव्हा कुठे तिला समजलं.

"मागच्या दाराची कडी सरळ बसत नाही," ती म्हणाली. "दार जरा वर उचलून लाव."

मी फोन कानाला धरूनच मागे गेलो, दार उचललं आणि कडी लावली.

"लागली?"

"लागली."

त्यानंतर फोन कोणी ठेवेना.