निळं आहे का, पाहून येते

राजदीपनं कागद खाटेवर ठेवला आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर चौघांचे हात पडले, जणू सोडला तर तो एकटाच अंदमानला निघून जाईल.

कागदावर वर नारळाचं झाड होतं. खाली ठळक अक्षरांत होतं, ‘अंदमान : काय पाहाल, काय कराल’. राजदीप कळंबच्या एका कार्यालयात बाबू होता. नोकरी लागली त्या दिवशीच त्यानं ठरवलं होतं, माय-बाबांना एकदा समुद्र दाखवायचा. ते जमायला अकरा वर्षं लागली. आता चौघांची तिकिटं हातात होती आणि त्याची बायको ममता एकेक ओळ वाचत होती. सासरा मारोती प्रत्येक ओळीला अडवत होता.

“काचेच्या बुडाच्या बोटीतून समुद्राचा तळ पाहणे.”

“फुटली तं?”

“फुटत नाही, बाबा. काच जाड असते.”

“आन् पाहून झाल्यावर त्या तळाचं काय कराचं?”

“काही नाही. फक्त पाहाचा.”

“हं. पुढं.”

“डोक्यावर टोप घालून समुद्राखाली चालणे.”

“वरती जागा नाही का चालाले?”

“किनाऱ्यावर बसून सूर्यास्त पाहणे.”

मारोतीनं दाराबाहेर पाहिलं. अंगणातल्या तुराट्यांच्या ढिगामागं सूर्य रोजच्यासारखा उतरत होता. “तो इथं बी होते,” तो म्हणाला. “पण वाच.”

राजदीपची माय सत्यभामा कागदावरच्या नारळाकडं पाहत होती. समुद्र तिनं पाहिला नव्हता, पण तो तिच्या तोंडात होता. आर्णीच्या त्यांच्या वस्तीत भीमजयंतीची मिरवणूक चौकात आली की थांबायची, आणि बायांमधून पहिलं गाणं सत्यभामेचं उठायचं. एकतीस वर्षं. गाणं तिनंच बांधलेलं :

सात समुद्राचं पाणी, त्याचा रंग निळा बाई,
भीम गेला बोटीतून, मागं-पुढं कोणी नाही.

हे म्हणताना तिच्या डोळ्यांपुढं अरुणावतीचं धरण यायचं, आणि धरणाचं पाणी तर मातकट. तरी ती निळा म्हणायची. लोकही मान डोलवायचे. त्यांनीही धरणच पाहिलेलं होतं.

“कोणत्या तारखेले निघाचं?” मारोतीनं विचारलं.

“अकराले,” राजदीप म्हणाला. “सोळाले वापस. मधात चौदाची सुट्टी येते, तं माही एक रजा वाचली.”

कागदावरचे हात एकेक करून उचलले गेले.

“एप्रिलची चौदा?” मारोतीनं विचारलं.

राजदीपनं तिकिटं काढून तारीख पुन्हा वाचली. लहानपणी याच पोरानं चौदा तारखेच्या आदल्या रात्री निळा सदरा उशाशी घेऊन झोप काढली होती. आता अकरा वर्षांच्या बाबूगिरीत ती तारीख त्याच्या डोक्यात सुट्टीच्या रकान्यात जाऊन बसली होती. कोणी त्याला रागावलं नाही. त्यानं ते जास्तच लागलं.

“तारीख बदलत नाही बाबा आता. विचारलं मी… म्हणजे विचारतो,” तो म्हणाला. त्यानं तिथंच फोन लावला. बदलत नव्हती.

“तुम्ही जा,” मारोती म्हणाला. “मी सहासष्ट वर्षांत एक जयंती सोडली नाही. त्या बेटावर पाहाले लय असन, पण मले चौदाले चौकात काम हाय.”

आता सगळे सत्यभामेकडं पाहू लागले. तिनं कागद उचलला, घडी घातली आणि पदराखाली घेऊन विहाराकडं निघाली. तिथं बायांची गाण्याची तयारी चालली होती.

हंसाबाई सगळ्यांत पुढं बसली होती. तिचा आवाज मोठा होता, एवढंच त्याच्याबद्दल सांगता येईल.

“मी या साली नाही,” सत्यभामा म्हणाली. “अंदमानले चालली.”

टाळ्या थांबल्या.

“चौदाले?” हंसाबाईनं विचारलं.

“चौदाले तिथं राहीन.”

“पोरगा साहेब झाला तं मायले जयंती जड झाली का वं? आमी उन्हात पाय भाजाचे आन् तू नारळपाणी पेत बसाची.”

“हो. नारळपाणी बी हाय कागदावर.”

“बाबासाहेबापेक्षा समुद्र मोठा झाला तुले?”

सत्यभामा खाली बसली. हे तिनं रस्त्यात स्वतःलाच विचारलं होतं, पण हंसाबाईच्या तोंडून ते जास्त मोठं ऐकू आलं.

“हंसा, बाबासाहेब समुद्र ओलांडून गेले शिकाले. मी काठावर जाऊन उभी राह्यली तं काय बिघडते?”

“ते बोटीनं गेले. तू इमानानं चालली.”

“बोट बी हाय. काचेच्या बुडाची.”

“कायले पण?”

“एकतीस वर्षं झाले, चौकात उभी राहून निळा म्हणते. तुमी माह्या मागं निळा म्हणता. आपल्यापैकी कोणी पाह्यला? निळा हाय का, पाहून येते.”

बाया एकमेकींकडं पाहू लागल्या. इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं, आणि आता विचारलं म्हणून सगळ्याच थोड्या ओशाळल्या.

“आन् नसला निळा तं?” हंसाबाईनं विचारलं.

“तं ते कडवं सोडून देऊ.”

हंसाबाईनं बराच विचार केला. मग टाळीसाठी हात उचलले. “सुरुवात किती उंच घ्याची, ते सांगून जा मंग,” ती म्हणाली, “नाही तं लोक म्हणतीन, सत्यभामा गेली आन् चौक पळाला.”

अकरा तारखेला पहाटे नागपूरची एसटी आर्णीच्या स्टँडवर लागली. राजदीप आणि ममता पुढच्या बाकावर बसले, सत्यभामा त्यांच्या मागं खिडकीशी. मारोतीनं बॅग वर ठेवून दिली, पुन्हा खाली उतरला आणि खिडकीखाली उभा राहिला.

“पाण्यात लांब जाऊ नको,” तो म्हणाला.

“तुम्ही उन्हात टोपी घाला.”

“हंसाबाईचं ऐकून लोक लवकर पुढं सरकतीन. मिरवणूक टाइमात होईन.”

“माही आठवण येईन का चौकात?”

“गर्दी लय असते,” मारोती म्हणाला. मग खिडकीच्या गजावर हात ठेवून उभा राहिला. कंडक्टरनं दोनदा घंटी दिली तेव्हा त्यानं हात काढला.

गाडी स्टँडबाहेर वळून थांबली. एक माणूस घाईनं चढला, जागा शोधत मागं आला. सत्यभामेशेजारची जागा तेवढी रिकामी होती.

“मावशी, इथं कोणी हाय का?”

सत्यभामेनं त्या जागेकडं पाहिलं.

“हाय,” ती म्हणाली. “पण ते जयंतीले राह्यले. बसा तुम्ही.”