पाचवा रोल

शनिवारी दुपारी ओली फिल्म वाळत टाकता टाकता मी डार्करूमच्या फरशीवर मटकन बसलो. तेव्हा मी बावन्न वर्षांचा होतो. फिल्मवर भयंकर असं काहीच नव्हतं. नुसता समुद्र होता. आठ वेळा तोच, दादरचा.

आधी माझा स्वभाव सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. गिरगावात माझा फोटो स्टुडिओ. वाकडी गोष्ट मला सहन होत नाही. गिऱ्हाइकाची टोपी वाकडी असली तर ती मी उठून सरळ करतो, मग तो कोणाचा सासरा असो नाहीतर जावई. समुद्राचं तर विचारूच नका. क्षितिज कललेलं दिसलं की आत्ता पाणी सांडून माझं टेबल भिजणार, असं मला वाटतं. उपाय सोपा. फोटो मोठा करून छापायच्या एन्लार्जरखाली कागदाची चौकट जराशी फिरवायची, की समुद्र सरळ. फोटोचे कोपरे तेवढे कापले जातात. कोपऱ्यावाचून कोणाचं अडतं?

राजाराम माझा दोस्त. परळच्या गिरणीत फिटर, मूळचा मालवणकडचा. छप्पन सालच्या जानेवारीत गोळीबार सुरू झाला तेव्हा आम्ही दोघे अनोळखी माणसं एकाच जिन्याखाली दीड तास दडून बसलो होतो. तिथून ओळख. पुढे कोणी मुंबईसह महाराष्ट्र मिळेपर्यंत दाढी वाढवली, कोणी चहा सोडला. या बाबाने नवस केला की मिळेपर्यंत दर एक तारखेला दादरच्या वाळूवरच्या आपल्या चाळीच्या गच्चीवरून समुद्राचा एक फोटो काढीन, आणि मिळाला की सगळे तिथेच गच्चीवर लावीन. छप्पनच्या मे महिन्यात त्याने सुरुवात केली. आठ फोटोंचा रोल, महिन्याला एक फोटो. म्हणजे आठ महिन्यांनी एकदा तो रोल घेऊन माझ्याकडे यायचा.

फिटरचं काम ते. गच्चीच्या कठड्यावर त्याने सिमेंटात एक फळी पक्की बसवली होती, पाणसळ लावून, काचेच्या नळीतला बुडबुडा बरोबर मध्यावर येईपर्यंत. फळीवर दोन खिळे. कॅमेरा खिळ्यांना टेकवायचा आणि खटका दाबायचा. पहिल्या चार रोलांत क्षितिज दोरी ताणल्यासारखं होतं. मी त्याला शाबासकीसुद्धा दिली होती, आणि ती मी सहसा कोणाला देत नाही.

पाचवा रोल एकोणसाठच्या गणपतीत आला. त्यात समुद्र किंचित उजवीकडे उतरलेला. वय झालं, हात हलायला लागला बेट्याचा, असं म्हणून मी हसलो, चौकट फिरवली, आठही फोटो सरळ करून दिले. त्याला सांगितलंही नाही. दोस्ताला कशाला खजील करा?

साठच्या एप्रिलच्या एकोणतीस तारखेला, शुक्रवारी संध्याकाळी तो सहावा रोल घेऊन आला. दुसऱ्या दिवशी रात्री महाराष्ट्र राज्य होणार होतं. त्याची सगळी चाळ, बायकापोरांसकट दीडशे माणूस, शनिवारी सातला गच्चीवर जमणार होतं, दिव्यांची रोषणाई बघायला. तिथेच अठ्ठेचाळीस फोटो लागायचे होते. खुशीत होता गडी, पण जाता जाता थबकला.

"चिंतामणी, गेल्या रोलात कोपऱ्यातलो कोळ्यांचो खांब दिसत नाय. खंय गेलो?"

"कापला गेला. तुझा समुद्र वाकडा होता, मी सरळ केला."

तो चिडला. "माझी फळी पाणसळीत हा. माका शिकवू नको. ह्या टायमाला जसा हा तसा छाप. सरळ केलंस तर तुझी माझी दोस्ती खलास."

मी बघतो म्हणालो. मनात ठरवलं होतं की सरळच करायचं. वाकडा समुद्र माझ्या नावावर दीडशे माणसांसमोर लागणार, आणि मी गप्प बसू?

आणि आता ओली फिल्म समोर लटकत होती. आठ चौकटी एकाखाली एक. पहिल्या चौकटीत क्षितिज उजवीकडे उतरलेलं, दुसरीत आणखी, तिसरीत त्याहून जास्त. आठवीत तर डोळ्यांना खुपेल इतकं. मी पट्टी घेऊन मोजलं. माणसाचा हात हलला तर तो एकदा इकडे हलेल, एकदा तिकडे. दर महिन्याला एकाच बाजूला, थोडा थोडा वाढत, हात हलत नाही. शिवाय हात लावायचा प्रश्नच नव्हता. फळी सिमेंटात होती. मी स्वतः ती हलवून पाहिली होती.

समुद्र तर वाकडा होत नाही.

हे मनात आलं आणि मी खाली बसलो. कॅमेरा डावीकडे झुकतो तेव्हा क्षितिज उजवीकडे उतरतं. फळी झुकली होती, म्हणजे कठडा झुकला होता, म्हणजे चाळीची डावी बाजू, जिन्याची बाजू, वाळूत बसत चालली होती. जुन्या नेगेटिव्ह काढल्या. पाचव्या रोलात तेच, जानेवारीपासून. माझ्या दोन हातांनी मी ते आठ वेळा पुसून टाकलं होतं.

फिल्म तशीच हातात घेऊन टॅक्सी केली आणि दादरपर्यंत ती खिडकीबाहेर धरून वाळवली. पोचलो तेव्हा साडेपाच वाजले होते. गच्चीवर पताका, सतरंज्या, बायका पोह्यांची पातेली वर आणत होत्या. कठड्याला लागून फोटो ओळीने टांगले होते. राजाराम हसत पुढे आला. मी म्हणालो, "राजाराम, सगळ्यांना खाली उतरव. चाळ कलली आहे."

बाजूची माणसं हसली. फोटो वाकडा म्हणून चाळ वाकडी, असं कोणीतरी म्हणालं. सीताराम चाळीच्या कमिटीचा चिटणीस, शांत, हिशेबी माणूस. त्याने माझ्या हातातली फिल्म उजेडात धरून पाहिली, मग मला टांगलेल्या फोटोंपाशी नेलं.

"फोटोवाले, हे गेल्या वर्षीचे. सगळे सरळ आहेत. खाली तुमचाच शिक्का आहे."

"ते मी सरळ केलेत. मुळात वाकडे होते."

"म्हणजे तुम्ही फोटो बदलता," सीताराम म्हणाला. "मग आज वाकडे केले नसतील कशावरून?"

माझाच शिक्का माझ्याविरुद्ध साक्ष देत होता. मी ओरडलो, शिव्या दिल्या, माझा तोल गेला. त्याने काम आणखीच बिघडलं. म्हातारा बिथरला, असं लोकांना वाटलं. अर्धा तास असा गेला. तो अर्धा तास मी आजही मोजतो.

तेवढ्यात पातेलं ठेवता ठेवता चंपा, राजारामची बायको, म्हणाली, "जिन्याकडच्या खोल्यांची दारं अडकतात सगळ्यांची. पावसाळ्यापासून. आम्ही दोनदा सुताराकडून घासून घेतलं."

"आमचं तीनदा," दुसरी म्हणाली. "दमट हवेनं फुगतं."

राजाराम खाली गेला आणि पाणसळ घेऊन आला. फळीवर ठेवली. बुडबुडा सरकत सरकत एका टोकाला गेला आणि तिथेच चिकटून बसला. त्याने ती उलटी फिरवून ठेवली. बुडबुडा पुन्हा त्याच बाजूला.

पहिला हलला तो सीताराम. "बायका-पोरं आधी," एवढंच म्हणाला. त्याच कललेल्या जिन्यावरून, दुसरा जिनाच नव्हता, गच्चीवर जमलेली माणसं धावपळ न करता उतरली, ती त्याच्यामुळे. मग तो मजल्यामजल्यावर दारं ठोठावत फिरला. कमिटीची यादी त्याला पाठ होती. आम्ही खाली वाळूवर उभे राहून माणसं मोजत होतो. राजाराम त्याला हाका मारत होता. वरून आवाज आला, "शेवटची खोली राहिली."

सात वाजायला दहा मिनिटं असताना जिना गेला. मोठा आवाज झाला नाही. पोतं घसरावं तशी ती बाजू बसली, आणि मग धूळ. धूळ खाली बसली तेव्हा तिसऱ्या मजल्याच्या खोल्या उघड्या दिसत होत्या. एका भिंतीवर कोणाचा तरी शर्ट खुंटीला तसाच होता.

सीताराम साडेनऊला ढिगाऱ्यात सापडला, गेलेला. शेवटची खोली रिकामीच होती. त्या खोलीतलं बिऱ्हाड चार दिवसांपूर्वी गावाला गेलं होतं.

तिकडे शहरभर दिवे लागले होते. कोणीतरी फटाके लावले, आणि आमच्यातली पोरं दचकून रडायला लागली. सीतारामची बायको कालिंदी वाळूत बसली होती. रडत नव्हती, इकडेतिकडे बघत होती, अजून कोणी यायचंय अशी. मी तिच्यासमोर जाऊ शकलो नाही.

राजाराम माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. त्याचे हात विटांनी सोलवटले होते. तो मला मारेल असं मला वाटलं, आणि मारावं असंही वाटलं. मी म्हणालो, "राजाराम, मी तुझा हात हलला समजलो. तुला वाईट वाटू नये म्हणून सरळ केले."

"ठावक हा माका," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता बोलला, "गणपतीत वाकडे दिले असतंस, तर मी भांडाक इलो असतंय. माझी फळी सरळ हा म्हणून तुका दाखवूक गच्चीवर नेलं असतंय. आणि पाणसळ ठेवली असती."